योगिताचे रजेचे अर्ज

“ताई, बाजूच्या म्याडमच्या तोंडात जखम हाय. दोन दिवसापासून भाकर दुधात कालवून खाऊन राहिली. तुमी इचारा ना तिले एकडाव.”

चंद्रकलाबाई माझ्या मोरीत भांडी घासता घासता हे म्हणाल्या, तेव्हा मी रेवाच्या काखेत थर्मामीटर धरून बसले होते. रेवा सात महिन्यांची होती आणि तिला काही झालेलं नव्हतं. पण दुपारी ती नेहमीपेक्षा वीस मिनिटं जास्त झोपली होती, आणि तेवढं कारण मला पुरत असे.

“तोंड आलं असेल,” मी म्हणाले. “उष्णतेनं येतं.”

“तोंड आलेलं मानूस गावभर सांगते. मध मागते, जिरं मागते. हे लपवून राहिली. म्या पाह्यलं तं तोंडावर पदर धरला.”

“मावशी, तिला नसेल सांगायचं. आपण कशाला दुसऱ्याच्या घरात नाक खुपसायचं?”

चंद्रकलाबाईंनी कढई पालथी घातली, हात झटकले. “तुमी शिकेल माणसं,” एवढंच म्हणाल्या आणि केरसुणी घेऊन पुढच्या खोलीत गेल्या. मी थर्मामीटर काढला. अठ्ठ्याण्णव पॉइंट चार. वहीत लिहिलं.

मंदारची, म्हणजे माझ्या नवऱ्याची, बँकेतली बदली अकोल्याच्या पुढच्या एका तालुक्याच्या गावी झाली होती. आमचं घर म्हणजे एका ओळीत बांधलेल्या चार बिऱ्हाडांपैकी तिसरं. चौथ्यात योगिता ढोरे राहायची. दोन्ही घरांच्या मोऱ्या एकाच भिंतीला लागून, वरती पाण्याची टाकी एकच. तिनं तांब्या खाली ठेवला तरी मला ऐकू यायचा.

योगिता गावातल्या इंग्रजी शाळेत नर्सरीच्या वर्गाला शिकवायची. वय सव्वीस-सत्तावीस, अंगानं बारीक, केसांची घट्ट वेणी, आणि हसताना खालचा ओठ दातांखाली धरायची सवय. लग्नाला तीन वर्षं झाली होती. तिचा नवरा संदीप चाकणला एका कंपनीत होता, महिन्या-दीड महिन्यानं दोन दिवस यायचा. तो यायचा असला की ती आदल्या संध्याकाळी ओटा, पायऱ्या, माझ्या दारापुढची फरशीसुद्धा धुवून काढायची.

आमची ओळख अर्जामुळे झाली. त्यांच्या शाळेत नियम असा की शिक्षकांनी शाळेशी जे काही बोलायचं ते लेखी आणि इंग्रजीत. खडू संपला तरी इंग्रजीत. शिकवणाऱ्या बहुतेक बायका मराठी शाळांतून आलेल्या, त्यामुळे एकीनं कधीतरी लिहून घेतलेला अर्ज बाकीच्या वर्षानुवर्षं उतरवून काढायच्या. तारीख बदलायची, सही बदलायची. त्यात सगळ्यांना ताप यायचा.

एका संध्याकाळी योगिता कागद घेऊन दारात उभी राहिली.

“ताई, तुम्ही इंग्रजीत एमे आहात ना? मंदारभाऊंनी सांगितलं. एवढं पाहून देता?”

मी वाचलं. नेहमीचाच अर्ज होता. आपल्याला ताप आल्यामुळे एक दिवसाची रजा मिळावी.

“बरोबर आहे की,” मी म्हणाले.

“बरोबर आहे, पण चालत नाही. मागच्या चार महिन्यांत मी चार वेळा ताप लिहिला. प्राचार्या मॅडम म्हणाल्या, ढोरे, आता ताप आला तर डॉक्टरचा दाखला लावा.” ती हसली, ओठ दाताखाली धरला. “मग म्हटलं डोकं लिहू. तर गायकवाड मॅडम म्हणाल्या डोकं त्यांचं आहे, त्यांनी आधीच घेऊन ठेवलं. पोट कुळकर्णी मॅडमचं. माझ्यासाठी काही उरलंच नाही.”

आम्ही दोघी हसलो. रेवा चटईवर पालथी पडून आमच्याकडं बघत होती.

“तुला होतं तरी काय?” मी विचारलं. विचारलं खरं, पण हसता हसता विचारलं.

“काही नाही हो. अशीच कणकण. एखादा दिवस जीव नसल्यासारखं होते. दुसऱ्या दिवशी बरी.”

मग मी तो शब्द दिला. इनडिस्पोज्ड.

मला तो क्षण अजून आठवतो, कारण मला फार बरं वाटलं होतं. बाळंतपणापासून मी दूध, शी, ताप यांच्यापलीकडं काही बोललेच नव्हते. कॉलेजात असताना मी शब्दांच्या पाठी लागलेली मुलगी होते. एकेक शब्द कुठं शोभतो, कुठं नाही, यावर मी सरांशी वाद घालायचे. त्या संध्याकाळी कुणीतरी माझ्याकडं पुन्हा शब्द मागायला आलं होतं.

“म्हणजे काय?” योगितानं विचारलं.

“म्हणजे बरं नाही. पण किरकोळ. आणि काय झालंय ते सांगायचं नाही. मोठी माणसं वापरतात. समजा एखाद्या समारंभाला अध्यक्ष येऊ शकले नाहीत, तर पोट बिघडलं असं थोडंच जाहीर करतात? ते इनडिस्पोज्ड आहेत म्हणतात. समोरच्यानं समजून घ्यायचं.”

“आणि समोरच्यानं इचारलं तर? काय झालं म्हणून?”

“विचारायचं नसतं. तोच तर शिष्टाचार आहे. हा शब्द आला की पुढं प्रश्न नाही.”

तिनं कागद माझ्या हातातून घेतला. “पुढं प्रश्न नाही,” ती पुटपुटली. मग म्हणाली, “हाच द्या, ताई. स्पेलिंग लिहून द्या.”

पंधरा दिवसांनी ती पेढा घेऊन आली. प्राचार्या मॅडमनी तिचा अर्ज स्टाफ मीटिंगमध्ये मोठ्यानं वाचून दाखवला होता. भाषा अशी पाहिजे म्हणाल्या. “आता तर ताई, आमच्या शाळेत सगळ्याच इनडिस्पोज्ड होऊन राहिल्या. गायकवाड मॅडमनी डोकं सोडून दिलं. शिपाईमामा मला म्हणे, म्याडम, थे नवीन बिमारी आली म्हणते, लस निघाली का तिची?”

हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. योगितानं रेवाला पेढ्याचा कण चाटवायला बोट पुढं केलं आणि मी ओरडलेच, “अगं, साखर नको! वर्षाच्या आत नाही द्यायची.” तिनं बोट चटकन मागं घेतलं, पदराला पुसलं. तिला वाईट वाटलं असावं, पण तिनं दाखवलं नाही.

रेवावर तिचा फार जीव होता. शाळेतून आली की हातपाय धुवून आमच्याकडं यायची. मी अंघोळ करीपर्यंत ती रेवाजवळ बसायची. बसायची मात्र एकाच जागी. भिंतीला पाठ टेकून, पाय लांब करून, रेवाला पुढ्यात चटईवर ठेवून. कडेवर कधी घ्यायची नाही. खिडकीशी नेऊन चिमण्या दाखवायची नाही. रेवा रडली तरी तिथूनच खुळखुळा वाजवायची, नाहीतर मला हाक मारायची. मी एकदा मंदारला म्हटलं, “वीस लेकरं सांभाळते वर्गात, पण तान्हं कसं धरायचं ते काही तिला येत नाही.” मंदार म्हणाला, “स्वतःचं झालं की येईल.”

डिसेंबरात तिच्या कपाळाला खोक पडली. मोरीत पाय घसरला म्हणाली. त्याच्या दुसऱ्या दिवशी अर्ज लिहायला आली, तर मी दार अर्धंच उघडलं. गावात तेव्हा तापाची साथ होती.

“योगिता, एक विचारू? राग मानू नकोस,” मी म्हणाले. “तुला हे जे मधूनमधून होतं, ते लागणारं तर नाही ना? म्हणजे रेवा लहान आहे म्हणून विचारते.”

तिनं माझ्याकडं पाहिलं. मला वाटलं ती आता काहीतरी वेगळं सांगेल. पण ती म्हणाली, “नाही ताई. लागणारं नाही माझं. लेकराची शपथ.”

मला एकदम हलकं वाटलं. मी दार पूर्ण उघडलं. “ये, ये. आत ये.”

ती येऊन तिच्या जागी भिंतीला टेकून बसली. मी अर्ज लिहायला घेतला. तिनं विचारलं, “ताई, मोठं दुखणं असलं तर हा शब्द चालते का?”

“नाही,” मी लिहिता लिहिता म्हणाले. “सगळे तिथंच चुकतात. मोठ्या आजाराला हा शब्द वापरला की चूक. कुणाला हार्ट अटॅक आला आणि आपण इनडिस्पोज्ड म्हटलं तर हास्यास्पद होईल. तिथं आजाराचं नावच लिहावं लागतं.”

“नाव लिहिलं की मानूस संपला पण.”

“काय?”

“काही नाही. मी म्हटलं, नाव लिहिलं की मग सगळे त्याच नावानं पाहतात.” तिनं पेन हातात घेतलं. मग म्हणाली, “माझं किरकोळच आहे. लिहा तुम्ही.”

मी लिहिलं. तिनं सही केली.

त्याच दिवशी तिनं मला मार्चमधल्या मुलाखतींचं सांगितलं. शाळा त्या वर्षी छोट्या वर्गांच्या दोन शिक्षिकांना कायम करणार होती. अर्ज केलेल्या सातजणी. “माझं काम मॅडमना पसंत आहे. फक्त रजा जास्त दिसू नये आणि तब्येतीचं काही निघू नये. लहान लेकरांचा वर्ग आहे ना.” मग आवाज खाली आणून म्हणाली, “मी कायम झाली की संदीप चाकण सोडतो म्हणाले. इथंच काहीतरी पाहतील. तीन वर्षं झाली ताई, आम्ही एका छताखाली सलग आठ दिवस राहिलो नाही. मूल कसं व्हावं?” ती लाजली आणि हसली. “झालं तर तुम्हीच शिकवा, कसं धरायचं ते.”

जानेवारीतला तो मंगळवार होता.

मंदार सकाळी सातच्या बसनं अकोल्याला मीटिंगला गेला. रेवाला दात येत होते. रात्रभर चिडचिड केली होती आणि अंग कोमट लागत होतं. मी वही उघडून बसले होते. सात वाजून दहा मिनिटांनी फोनवर योगिताचा मेसेज आला.

“ताई आज मी इनडिस्पोज्ड आहे. अर्ज लिहून पाठवता का. माझ्यानं लिहवत नाही.”

मी तो वाचला. मनात आलं, मुलाखत तोंडावर आणि ही परत रजा घेते. दुसरं असं मनात आलं की शब्द आता तिच्या अगदी अंगवळणी पडला. तिसरं काही मनात आलं नाही. आजवर प्रत्येक वेळी ती स्वतः आली होती, कपाळाला पट्टी बांधून आली होती, तापल्या उन्हात आली होती. त्या दिवशी आली नाही, भिंतीपलीकडून मेसेज केला, हे माझ्या लक्षात आलं नाही असं मी म्हणणार नाही. लक्षात आलं. रेवा रडत होती.

मी एका हातानं रेवाला थोपटत अर्ज लिहिला. चार ओळींचा. चांगला झाला. खाली तिचं नाव घातलं, तिच्यासारखी सही केली आणि साडेसातला शाळेची गाडी कोपऱ्यावर आली तेव्हा खिडकीतून ड्रायव्हरकाकांना हाक मारून दिला. कोपऱ्याकडं जाताना तिचं दार लागतं. मला जावंच लागलं नाही, काकाच खिडकीपाशी आले.

मी तिला कळवलं, “दिला पाठवून. आराम कर.”

दोन मिनिटांनी उत्तर आलं. “थँक यू ताई. रेवाला पापा.”

आठ वाजता रेवाचं अंग नव्व्याण्णव. साडेआठला नव्व्याण्णव पॉइंट दोन. नऊला परत नव्व्याण्णव. हे सगळं वहीत आहे. त्या वहीचं ते पान मी फाडलेलं नाही. साडेनऊला मी डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, दात येताना असं होतं, काळजीचं काही नाही. मी विचारलं, नक्की ना? ते म्हणाले, नक्की. दहाला मी परत पाहिलं.

साडेदहाच्या सुमारास रेवा एकदाची झोपली. मी तिच्याशेजारी तशीच पडले होते. तेवढ्यात पलीकडच्या मोरीत बादली आपटल्याचा मोठा आवाज झाला. रेवा दचकली, पण उठली नाही. मी तिच्या छातीवर हात ठेवला. पलीकडं नळ चालू होता.

पाच मिनिटं झाली, नळ चालूच. टाकी दोन्ही घरांत मिळून एक आणि पाणी चार दिवसांआड. मला राग आला. कपडे धुवायला काढले असतील तर नळ असा मोकळा कशाला सोडायचा? मी उठून मोरीत गेले आणि भिंतीवर तळव्यानं दोन थापा मारल्या. आम्हा दोघींची ती खूण होती. एरवी ती पलीकडून एक थाप मारायची.

थाप आली नाही. नळ चालू राहिला.

बाहेर पडायचं तर आमच्या दाराची लोखंडी कडी काढावी लागे, आणि ती कडी वाजायची. रेवा उठली असती. मी दारापर्यंत गेले होते. कडीला हात लावला होता. मग परत येऊन झोपलेल्या रेवाजवळ बसले.

सव्वाअकराला चंद्रकलाबाई आल्या. त्या आधी योगिताकडं जायच्या, मग माझ्याकडं. “म्याडम! ओ म्याडम!” त्यांची हाक मी ऐकली. मग दारावर बुक्की. मग त्यांचा वेगळाच आवाज. “ओ ताई, बाहेर या! पानी उंबऱ्यातून बाहेर येऊन राह्यलं!”

समोरच्या पिठाच्या गिरणीतले दोघं धावत आले. त्यांनी दार उचकटलं. मी रेवाला कडेवर घेऊन ओट्यावर उभी होते. आत गेले नाही. रेवा होती ना कडेवर. आतून फक्त चंद्रकलाबाई ऐकू आल्या.

“आधी थो नळ बंद करा कोनी.”

सरकारी दवाखान्यात दुपारी तीनपर्यंत शेजारपाजारचे सगळे जमले होते. तिचा भाऊ अकोल्याहून आला. संदीप रात्री पोचला, चाकणहून मित्राच्या गाडीनं, अंगात कंपनीचाच शर्ट. डॉक्टर बाहेर आले. तरुण होते, थकलेले दिसत होते.

“मोरीत पडल्या आणि तोंड टबातल्या पाण्यात राहिलं,” ते म्हणाले. “त्याच्या आधी फिट आली असणार. एक नाही, सकाळपासून दोन-तीन आल्या असतील. जिभेवर जुन्या चाव्यांचे वण आहेत. मिरगीचा त्रास कधीपासून होता?”

“नव्हता,” संदीप म्हणाला. “तिला असं काही नव्हतं.”

“गोळ्या कोणत्या चालू होत्या?”

“कोणत्याच नाही. साहेब, मी नवरा आहे तिचा.”

 मग तिचा भाऊ, जो इतका वेळ भिंतीकडं तोंड करून उभा होता, तसाच उभा राहून म्हणाला, “तेरा वर्षांची होती तेव्हापासून. गोळ्या घ्यायची. लग्नात सांगितलं नाही आम्ही. तीच म्हणाली, सांगू नका. आता दिवाळीपासून गोळ्या सोडल्या होत्या तिनं. मूल पाहिजे होतं. कोणीतरी म्हटलं गोळ्यांनी बाळाला धोका होते. मी म्हटलं, डॉक्टरला इचार. म्हणे, डॉक्टरकडं गेली तर कागदावर नाव येते.”

संदीपनं मेहुण्याकडं पाहिलं. मला वाटलं तो त्याच्या अंगावर जाईल. तो बाकावर बसला.

थोड्या वेळानं तो माझ्याकडं आला. मला आधी वाटलं तो रेवाला बघायला आला, कारण त्यानं तिच्या पायाला हात लावला.

“ताई, रोज तुमच्याकडं यायची. फोनवर सारखं तुमचंच नाव. तुम्हाला माहीत होतं?”

“नाही,” मी म्हणाले. ते खरं होतं.

“आज सकाळी काही बोलली होती का? मला फोन नाही केला. ड्यूटीवर फोन लागत नाही, तिला माहीत आहे.”

मी त्याला फोन दाखवला. तो मेसेज त्यानं दोनदा वाचला. त्याचे ओठ हलत होते.

“हा शब्द काय आहे? इन... हा.”

मी चार जणांना, चाळीस जणांना तो समजावू शकले असते. कुठं शोभतो, कुठं नाही. “बरं नाही,” मी म्हणाले.

“नुसतं बरं नाही?”

“हो.”

“माझ्यानं लिहवत नाही, असं पण लिहिलं तिनं.” तो माझ्याकडं रागानं बघत नव्हता. खरोखरच त्याला समजून घ्यायचं होतं. “मग तुम्ही पाहून नाही आल्या, ताई? बाजूलाच तर आहे.”

मी म्हणाले, “रेवाला बरं नव्हतं.”

त्यानं मान डोलावली. “बरोबर आहे,” म्हणाला. “लहान आहे.” आणि फोन माझ्या हातात परत दिला.

तेराव्यानंतर त्यानं घर रिकामं केलं. शाळेतून तिच्या वस्तू आणल्या होत्या. रंगीत खडू, लेकरांनी काढलेली चित्रं, आणि एक फाइल. प्राचार्या मॅडमनी फाइलबरोबर सांत्वनाचं पत्र दिलं होतं, इंग्रजीत. संदीपनं ते मला वाचून दाखवायला सांगितलं. मी वाचलं, मराठीत सांगितलं. फाइलमध्ये तिचे रजेचे अर्ज होते, आधीचे तिच्या अक्षरात, नंतरचे सात माझ्या. शेवटच्या अर्जावर लाल शाईनं ‘मंजूर’ असा शेरा आणि त्याच दिवसाची तारीख होती.

चंद्रकलाबाईंनी मला कधी काही बोलून दाखवलं नाही. महिनाभर त्या भांडी घासून निमूट जात. एक दिवस मीच म्हणाले, “मावशी, तुम्ही मला सांगितलं होतं.”

“म्या सांगतलं, पण म्या तरी कुठी इचारलं तिले?” त्या म्हणाल्या. “मले वाटलं, तुमचं थे आयकन. माह्यं काय आयकते?” मग केर भरता भरता थांबल्या. “एक गोष्ट ध्यानात आली का तुमच्या, ताई? तिनं तुमचं लेकरू कधी उचललं नाई.”

मी भिंतीजवळच्या चटईकडं पाहिलं.

“मी पाहत होती ना. भिताडाले टेकून बसे. लेकरू खाली, सतरंजीवर. कवा काय होईन तं आपल्या हातून पडू नाई म्हून.” त्यांनी केर सुपलीत घेतला. “इतकं जीव लावून राह्यली होती थे.”

त्या गेल्यावर मी त्या भिंतीपाशी जाऊन बसले. पाठ टेकून, पाय लांब करून. रेवा पुढ्यात रांगत आली आणि माझ्या मांडीवर चढू लागली. मी तिला किती वेळ उचललं नाही ते मला आठवत नाही. मग ती रडायला लागली.

या गोष्टीला आठ वर्षं झाली. रेवा आता तिसरीत आहे. आम्ही सांगलीला असतो. मी एका शाळेत शिकवते आणि वर्गशिक्षिका म्हणून मुलांच्या, कधी सहकाऱ्यांच्याही रजेच्या चिठ्ठ्या माझ्याकडं येतात. परवा आमच्या ग्रंथपाल बाईंची आली. तब्येत ठीक नसल्यामुळे. महिन्यातली तिसरी. मी शाळा सुटल्यावर त्यांच्या घरी गेले. त्यांनी दार उघडलं, मला बघून गोंधळल्या. त्यांच्या आईची देखभाल चालली होती, एवढंच होतं. मी म्हटलं, बरं, आता आलेच आहे तर चहा द्या. त्यांना मी थोडी विक्षिप्त वाटले असेन. वाटू दे.

तुम्ही हे वाचताय, तर तुमच्याही ओळखीत आज असं कुणीतरी असेल. कामावर न आलेलं. बरं नाही, एवढाच निरोप ठेवून घरी राहिलेलं. फोन करू नका, फोनवर सगळे ठीकच असतात. ते कदाचित तुमच्या भिंतीपलीकडं असेल, दोन मजले वर असेल, गल्लीच्या टोकाला असेल. तुमचं लेकरू झोपलं असेल तर त्याला उचलून कडेवर घ्या, उठलं तर उठू दे. पण जा. दार वाजवा. आणि आतलं माणूस स्वतः येऊन दार उघडत नाही तोवर, कृपा करून, तिथून हलू नका.